पगाराच्या स्लिपमधला दुष्काळ

गेल्या आठवड्यात पुण्यात सलग चार दिवस पाऊस होता. माझा रूममेट रत्नागिरीचा. खिडकीतून बघत म्हणाला, "काय वैताग आहे यार या पावसाचा!" मी बीडचा. मला हे वाक्य बोलताच येत नाही. लहानपणी एकदा बोललो, तर आजी लगेच म्हणाली, "पावसाला नावं ठेवू नये, लेकरा."

आकडे बघा. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बीडला ७०० च्या आसपास. ढग सह्याद्रीवर अडतात, बरसतात आणि आम्ही राहतो पर्जन्यछायेत. म्हणून त्याच्या घरचे फोनवर विचारतात, "छत्री नेलीस का?" माझ्या घरचे विचारतात, "तिकडं पडला का?"

पण फरक फक्त मिलिमीटरचा नाही, आठवणींचा आहे. १९७२ च्या दुष्काळाला आमच्याकडे नुसतं 'बहात्तर' म्हणतात. तेव्हा बाबा आजीच्या कडेवर होते आणि आजी दुष्काळी कामावर खडी फोडत होती. खायला काय? सुकडी आणि बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. रस्ते, पाझर तलाव, बंडिंग, मिळेल ते काम.

त्याच काळात रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, तेही हक्क म्हणून! २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी असाच कायदा केला.

आता गंमत ऐका. या योजनेला पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर आणला. शहरातल्या नोकरदारांनी गावातल्या कामाला हातभार लावायचा. आपल्या स्लिपवर 'पीटी' म्हणून महिन्याला २०० रुपये कापले जातात ना, फेब्रुवारीत ३००? तोच तो.

मी रूममेटला हे सांगितलं. त्याने मोबाइलवर स्लिप उघडली, झूम केली. "पाच वर्षं बघतोय रे, कधी विचारलंच नाही हे काय आहे."

बाहेर पाऊस चालूच होता. या वेळी तो काही बोलला नाही.

तुमच्या घरी पावसाबद्दल काय बोलायचं नसतं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!