एका दिवसाची सहल

भगिनींनो, मी सातवी शिकलेली. इतिहासावर लिही म्हटल्यावर घाबरलेच. पण दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहलीचा बेत केला, त्याची हकीकत सांगते.

ह्यांच्या मनात वेरूळ-अजिंठा होते. पण सासूबाईंना तो प्रवास झेपणार नव्हता, खर्चही फार. मी म्हटले, आधी आपला जिल्हा तरी पाहू. रात्री जेवणे आटोपल्यावर कॅलेंडरच्या जुन्या पानामागे क्रम लिहिला. सकाळी हिंगणघाटहून वायगावमार्गे वर्धा. तेथे लक्ष्मीनारायण मंदिर आणि गांधीजींच्या हस्ते १९३८ साली उघडलेले मगन संग्रहालय. दुपारी सेवाग्राम, संध्याकाळी धाम नदीकाठी पवनार.

पवनार ही वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे काही अभ्यासक मानतात. तेथे शेत खणताना विनोबांना भरत-राम भेटीचे शिल्प सापडले. तेथेच त्यांनी १९५९ साली स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापले. बायकांनी चालवलेला आश्रम! आपल्या मंडळाने पाहावाच.

मुलगा माहिती वाचून दाखवत होता. लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी १९२८ साली अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले केले, हे ऐकून धाकटीने विचारले, "आई, आधी त्यांना आत येऊ देत नव्हते? मग आपल्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींचा कप वेगळा का गं?"

घरात सगळे गप्प झाले. तो कप सासूबाईंनी खिडकीत ठेवला होता हे खरे. पण वीस वर्षे तो तिथेच राहू दिला तो मी. इतिहास पुस्तकात असतो असे मला वाटे. तो माझ्याच खिडकीत होता.

गाडीत एक जागा रिकामी होती. सासूबाई थोड्या वेळाने म्हणाल्या, "तिलाही विचार, येते का." दुसऱ्या दिवशी विचारले. मावशी म्हणाल्या, "बाई, सेवाग्रामच्या वाटेने कितीदा गेले, आत कधी गेलेच नाही."

आम्ही सहा जण गेलो. सेवाग्रामला १९३६ साली बांधलेले आदिनिवास पाहिले. माती, बांबू आणि कवेलूंची साधी घरे. कुष्ठरोगाने पीडलेल्या परचुरेशास्त्रींची कुटीही पाहिली. लोक ज्यांच्या जवळ जात नसत, त्यांची शुश्रूषा गांधीजींनी स्वतःच्या हातांनी केली. तेथे मावशी बराच वेळ उभ्या होत्या. मला त्यांच्याकडे पाहवेना.

पवनारला घाटावर थर्मासमधला चहा काढला. सारे कप सारखेच होते. खिडकीतला कप मी घरी येऊन टाकून दिला.

भगिनींनो, पुढल्या वर्षी मंडळाची सहल याच वाटेने न्यावी. मात्र निघण्यापूर्वी प्रत्येकीने आपापली खिडकी एकदा पाहून घ्यावी, एवढीच विनंती.