उजव्या हाताची चिंच

माकणीच्या घरी उन्हाळ्यात आजी चिंचा फोडायला बसायची. मी मदतीच्या नावाखाली निम्म्या खायचो. त्या आंबटपणाचं नाव टार्टारिक आम्ल, हे शाळेत कळलं. ते ‘उजव्या हाताचं’ असतं, हे मात्र नोकरी लागल्यावर.

1848 साली पॅरिसमध्ये पंचविशीतल्या लुई पाश्चरने टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक चिमट्याने दोन ढिगांत निवडले. एका ढिगातले दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. पाण्यात विरघळवल्यावर एक प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवतो, दुसरा डावीकडे. चपलांसारखंच: जोडी सारखी दिसते, पण डावी उजव्या पायात बसत नाही. अशा रेणूंना कायरल म्हणतात.

दुसरी गोष्ट इलेक्ट्रॉनच्या स्पिनची. उलेनबेक आणि गाउडस्मिट या डच पोरांनी ती कल्पना 1925 मध्ये मांडली. इंजिनिअरिंगला मी वर-खाली बाण काढून तिचे मार्क घेतले आणि विसरलो.

या दोन गोष्टी भेटल्या 1999 मध्ये, इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये. रॉन नामान यांच्या गटाच्या त्या निबंधात पहिलं नाव के. राय यांचं. सोन्याच्या पृष्ठभागावर कायरल रेणूंचा पातळ थर. प्रकाश टाकून सोन्यातले इलेक्ट्रॉन त्यातून बाहेर काढायचे. एका स्पिनचे सहज निघतात, उलट्या स्पिनचे अडतात. रेणूचा हात बदलला की आवडही उलटते. थरात चुंबक नाही, जड धातू नाही! 2011 मध्ये डीएनएच्या थरातून आलेल्या इलेक्ट्रॉनांत हा कल साठ टक्क्यांहून जास्त मोजला गेला.

मला खरी मजा वाटते ती पुढच्या भागाची. पाण्यातून हायड्रोजन काढताना दुसऱ्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिजन तयार होतो, आणि त्याच्या रेणूतल्या दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकाच दिशेचे लागतात. ते जुळले नाहीत तर नको असलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड बनू शकतं. नामान यांच्याच गटाने इलेक्ट्रोडवर कायरल रेणू बसवले, तर पेरॉक्साइड घटलं.

गंमत म्हणजे परिणाम एवढा मोठा का, यावर सिद्धान्तवाल्यांचं अजून एकमत नाही. कार्बन-नायट्रोजनसारख्या हलक्या अणूंच्या हिशेबात तो बसत नाही. असा ‘चालतोय पण का ते माहीत नाही’ कोड मी रिव्ह्यूत परत पाठवतो. इथे मात्र चालतंय हे वारंवार मोजलं गेलंय, म्हणून हिशेबच दुरुस्त करणं चालू आहे.

आजीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग डाव्या हाताची चिंच कुठं गावती?”

“झाडाला नाही. पाश्चरला दोन्ही हातांचं मिसळलेलं आम्ल कारखान्यातून मिळालं होतं.”

“कारखान्यातली? मग नको.”