घराचें पुनर्गहाण आणि तारणाची उतरती किंमत

एकाच घराचीं दोनतीन गहाणखतें एका रुमालांत सांपडणें हा संग्राहकाच्या दृष्टीनें चांगला योग होय. पहिलें खत आजोबानें लिहून दिलेलें, दुसरें मुलानें, आणि मागाहून भरपाईची चिठी, असा क्रम लागला म्हणजे एका कुटुंबाचे चढउतार डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु अशा कागदांवरून एक अनुमान वारंवार काढण्यांत येतें. पहिल्या खतांत घर पांचशें रुपयांस गहाण आहे, पुढच्यांत तीनशेंस. त्या अर्थीं त्या पेठेंतील घरांच्या किंमती मधल्या काळांत उतरल्या, असें म्हणण्यांत येतें. हें अनुमान आम्हांस मान्य नाहीं. एका सावकाराचें गहाण दुसऱ्याच्या पैशानें सोडवून तेंच घर त्याच्याकडे गुंतविणें, किंवा जुन्याच सावकारास नवें खत लिहून देणें, यास आम्ही येथें पुनर्गहाण म्हणतों. त्या वेळीं पुढें येणारा आंकडा घराचा नसून सावकाराच्या भरंवशाचा असतो, आणि तो कमी आला म्हणजे घरधन्यापुढें कोणते मार्ग उरत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम खताचें स्वरूप पाहावें. गहाणखतांत घराच्या चतुःसीमा असतात. खण किती, माडी आहे कीं नाहीं, परसूं, विहीर, जाण्यायेण्याची वाट हीं येतात. मुद्दल, व्याजाचा दर, मुदत व साक्षी येतात. घराची किंमत मात्र लिहिलीच पाहिजे असें नाहीं. पुढें इंग्रजी अमलांत स्टांपाचे कायदे आले त्यांतही गहाणावरील स्टांप तारण दिलेल्या रकमेवर ठरला, तारणाच्या किंमतीवर नव्हे. शिवाय नजरगहाण व ताबेगहाण यांची तुलना एका मापानें होत नाहीं. ताबेगहाणांत सावकार घर वापरून किंवा भाड्यानें लावून व्याज वसूल करतो, म्हणून तो अधिक रक्कम देण्यास धजतो. नजरगहाणांत घर धन्याच्याच ताब्यांत असतें, म्हणून हात आंखडतो. घर तेंच, भिंती त्याच, पण आंकडे दोन.

तारण अपुरें पडण्याचा प्रश्न आपल्या शास्त्रकारांस नवा नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत ऋणादानाच्या प्रकरणीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, गहाण नीट राखलें असतांही तें निःसत्त्व झालें, तर ऋणकोनें दुसरें गहाण द्यावें, नाहीं तर धनकोचें धन परत करावें. येथें निःसत्त्व म्हणजे मोडकें किंवा नासलेलें, असा अर्थ कोणी घेईल. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळीं मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर तसा घेत नाहीं. वस्तूंत कांहींएक विकार न होतां, केवळ काळाच्या ओघानें ती मुद्दल व व्याज यांस पुरेनाशी झाली, तरी ती असारच, असें त्याचें विवरण आहे. म्हणजे घर शाबूत असून बाजार पडला, किंवा बाजार जागच्या जागीं असून व्याज वाढलें, या दोन्ही गोष्टी त्यानें एकाच शब्दांत पकडल्या. याच प्रकरणांत आणखी एक सोय आहे. ऋणको गहाण सोडविण्यास सिद्ध आहे, पण धनको हजर नाहीं, अशा वेळीं त्या काळची किंमत ठरवून गहाण तेथेंच ठेवावें व पुढें व्याज चालूं नये, असा पर्याय दिला आहे. किंमत कोणत्या दिवसाची धरावयाची या वादाचें मूळ येथें आहे, आणि स्मृतिकारानें तो ऋणकोच्या बाजूनें सोडविला आहे. तेंच घर पहिल्याचें न सोडवितां दुसऱ्यास लावलें तर आधींचें गहाण बलवत्तर, हाही नियम तेथेंच सांपडतो. म्हणून पहिल्याची फारखती हातीं आल्यावांचून दुसरा सावकार पूर्ण रक्कम मोजीत नसे, यांत त्याचा दुष्टावा पाहण्याचें कारण नाहीं.

दुष्टावा होता तो निराळ्या ठिकाणीं. समजा, शेजारीपाजारी ज्यास हजार रुपयांचें म्हणतील अशा घरावर तीनशें रुपये मुद्दल काढलें, आणि व्याज थकून देणें सहाशेंवर आलें. दामदुपटीच्या नियमानें येथें व्याज थांबलें पाहिजे. पण याच वेळीं घराची किंमत कमी सांगून, तारण पुरत नाहीं असा धाक घालून, सहाशें मुद्दलाचें नवें खत लिहवून घेतलें, तर कालचें व्याज आजचें मुद्दल होतें व पुढची मर्यादा बाराशेंवर जाते. घर जागेवरच आहे, पण देणें त्याच्या किंमतीपलीकडे जाण्याचा रस्ता एका सहीनें मोकळा झाला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें नोंदणी नसलेल्या साध्या रोख्यांस तीन वर्षांची मुदत आली, तेव्हां तर खतें नवीं करण्यास सावकारांस आयतेंच निमित्त मिळालें. ऋणकोच्या रक्षणासाठीं केलेली मुदत त्याच्याच गळ्यास लागली. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला व तेथून तो पसरला, त्यांत लोकांचा रोख मुख्यतः सावकारांकडील कागदांवर होता, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. जुन्या कागदांच्या संग्राहकांस तीं जळालेलीं खतें आठवून हळहळ वाटेल. ज्यांच्या नांवाचीं तीं होतीं त्यांस तशी वाटली नसावी.

कमी किंमतीचा दुसरा सांपळा गहाण-लहान या नांवानें ओळखला जाई. मुदतींत पैसे न दिल्यास हेंच गहाण खरेदी समजावें, अशी ती अट. हजारांचें घर तीनशेंच्या खतावर मुदत टळतांच कायमचें जावें, हा त्याचा परिणाम. मुंबईच्या हायकोर्टानें १८६४ सालीं रामजी विरुद्ध चिंतो या दाव्यांत ही अट झुगारून मुदतीनंतरही सोडवणुकीचा हक्क मान्य केला. प्रिव्ही कौन्सिलास ही दिशा पटली नाहीं. १८७० सालीं मद्रासेकडील एका दाव्यांत त्यानें अशा अटी शब्दशः पाळाव्या असें ठरविलें, व १८७५ सालीं तेंच मत पुन्हा सांगितलें, तथापि मुंबई व मद्रास येथें रूढ झालेल्या निर्णयांची त्यास दखल घ्यावी लागली. पुढें पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठीं १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानें न्यायाधीशास व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. येथें एक मोठी उलटापालट झाली. ज्या कमी आंकड्यानें घरधनी बुडत होता, तोच त्याचा पुरावा ठरूं लागला: खऱ्या खरेदींत एवढी हलकी किंमत कोण घेईल? तेव्हां ही खरेदी नसून गहाणच, असा युक्तिवाद कोर्टांत टिकूं लागला. १९२९ च्या दुरुस्तीनें मात्र परत देण्याची अट त्याच दस्तांत नसेल तर व्यवहार गहाण समजूं नये असें ठरलें. तेव्हां खरेदीखत एक आणि परतीचा करार वेगळ्या कागदावर, अशी जोडी त्या सालानंतरची असेल तर ती निराळ्या दृष्टीनें वाचली पाहिजे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांत तारणाच्या पुरेपणाचें मापच दिलें आहे. मालमत्तेची किंमत देण्यापेक्षां एकतृतीयांशानें, आणि इमारती असल्यास निम्म्यानें अधिक नसेल, तर तें तारण अपुरें. अपुरें झाल्यास धनकोनें ऋणकोस अधिक तारण देण्याची वाजवी संधि द्यावी. तें न दिल्यासच पैशाची मागणी करावी. विज्ञानेश्वराचें विवरण आणि हें कलम शेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे साडेसातशें वर्षांचें अंतर फारसें जाणवत नाहीं. वरच्याच उदाहरणांत सहाशेंच्या देण्यास नऊशेंहून अधिक किंमतीचें घर हवें. पारख करणारानें आठशें सांगितले, तर घरधन्यानें सुमारें सदुसष्ट रुपये मुद्दलांत भरले कीं उरलेल्या देण्यास तें घर पुरतें. सबंध नवें खत लिहून देण्याची गरज नव्हती, आणि किती घरें एवढ्याशा फरकानें गेलीं असतील हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. १९२९ सालीं दुसरीही सोय झाली: देणें फेडण्यास सिद्ध असलेला ऋणको, घर आपल्या नांवें परत न घेतां तें गहाण तिसऱ्याच्या नांवें करून द्या, अशी मागणी करूं शकतो. आजचें पुनर्गहाण याच वाटेवरचें आहे.

आज पंचांच्या जागीं बँकेचा मूल्यनिर्धारक आला, एवढाच फरक. रिझर्व्ह बँकेनें २०१५ सालीं ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणें तीस लाखांवरील व पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या गृहकर्जास घराच्या किंमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा पडली. पन्नास लाखांचें समजलेलें घर पंचेचाळीस लाखांचें ठरलें कीं मर्यादा चाळिसांवरून छत्तीस लाखांवर येते. देणें अडतीस असेल तर दोन लाखांची तूट. अशा वेळीं अहवालाची प्रत मागून क्षेत्रफळ, मजला, बांधकामाचें वर्ष व परवानग्या ताडून पाहाव्या, चूक असल्यास लेखी दाखवून दुसऱ्या पारख्याची मागणी करावी. चूक नसेल तर तूट भरावी किंवा जुन्याच ठिकाणीं राहून व्याजाचा दर उतरवून घ्यावा. शेजारच्या घराची विक्री कितीस झाली हा पुरावा पूर्वीं पंचांपुढें तोंडी येई, आतां नोंदलेल्या दस्तानें येतो.

पुनः जुन्या कागदांकडे वळूं. किंमतीची उतार पुष्कळदां केवळ भासमान असते. पहिलें खत एका टांकसाळीच्या रुपयांत आणि दुसरें दुसऱ्या टांकसाळीच्या. अंकुशी, चांदवडी इत्यादि रुपयांत बट्ट्याचा फरक असे, आणि १८३५ च्या कायद्यानें कंपनीचा एकसारखा रुपया आल्यावर जुने आंकडे तसेच्या तसे जुळवितां येत नाहींत. दुसरें कारण भाऊबंदांची वाटणी: पहिल्या खतांत दहा खण, दुसऱ्यांत सहाच. चतुःसीमेंत एका बाजूस भावाचें नांव नव्यानें आलें असेल तर हें ताबडतोब कळतें. म्हणून ज्यांच्या संग्रहीं एका घराचीं अनेक खतें आहेत त्यांनीं तीं सालवार लावण्याच्या हौसेनें निरनिराळ्या बस्त्यांत घालूं नयेत, एकत्र बांधावींत. यादी करतांना रकमेबरोबर नाणें, खण, ताबा कोणाकडे, आणि चतुःसीमा हीं टिपावींत. खताची पाठही पाहावी. वसुलाच्या रकमा बहुधा तेथेंच बारीक मोडींत लिहिलेल्या असतात, आणि नव्या खतांतलें मुद्दल रोख मोजलें होतें कीं जुन्या व्याजाचें केलें होतें, याचा उलगडा पुष्कळदां त्या दोनचार ओळींवरून होतो.