मोटारीचा स्टार्टर रिले : दोषनिदानाचा ऐतिहासिक विचार

मोटारीच्या इतिहासलेखनात इंजिन व इंधन यांना जे महत्त्व मिळाले, त्या मानाने गाडी सुरू करणाऱ्या विद्युतमंडलाकडे कमी लक्ष गेले. प्रस्तुत लेखात या मंडलातील रिले हा लहानसा घटक आणि त्याच्या दोषनिदानाची रीत यांचा विचार केला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंजिन हाताने हँडल मारून सुरू करावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला, तर मनगट मोडण्याची भीती असे. अमेरिकन मोटार-उत्पादक बायरन कार्टर यांचा १९०८ मधील मृत्यू अशाच दुखापतीशी जोडला जातो. तपशील मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतात. चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत स्टार्टर कॅडिलॅकच्या १९१२ च्या मॉडेलवर आला. डेटन येथे गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची मोटर तयार करताना त्यांच्या ध्यानात आले होते की, क्षणभरच चालणाऱ्या मोटरवर क्षमतेबाहेरचा भार टाकता येतो. खरा शोध हाच, असे प्रस्तुत लेखकास वाटते. (आपल्याकडे अँबॅसिडरच्या डिकीत हँडल पुढेही बरीच वर्षे राहिले.)

क्षणभरच का होईना, स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह ओढतो. तो चावीच्या नाजूक स्विचमधून नेणे शक्य नाही. म्हणून सुरुवातीच्या अनेक गाड्यांत पायाने दाबायचा जाड स्विच असे. पुढे त्याचे काम रिलेकडे आले : चावीतून आलेला अल्प प्रवाह वेटोळ्यात चुंबकत्व निर्माण करतो व ते चुंबकत्व जाड संपर्क जुळवते. ही युक्ती तारायंत्राच्या काळातील असून जोसेफ हेन्री यांनी ती १८३५ च्या सुमारास वापरली होती. शब्द तर त्याहून जुना, टप्प्यावर बदलण्याच्या ताज्या दमाच्या घोड्यांचा.

यामुळे चालक सुरक्षित झाला, पण दोष दृष्टीआड गेला. निदान आता आवाजावरून सुरू होते. चावी फिरवताच एकच ‘टक’ आवाज आला व स्टार्टर फिरला नाही, तर चावी तशीच धरून रिलेच्या दोन जाड टोकांवर व्होल्टमीटर लावावा. वाचन शून्याजवळ आले तर संपर्क ठीक असून दोष पुढे, स्टार्टरकडे आहे. बॅटरीइतकेच राहिले तर संपर्क जळाले आहेत. आवाजच नसेल, तर वेटोळ्याच्या टोकांवर १२ व्होल्ट पोहोचतात का ते पाहावे. पोहोचत असतील तर रिले निकामी. नसतील तर फ्यूज, चावीचा स्विच, क्लच वा न्यूट्रलचा स्विच, किंवा अर्थची तार तपासावी. ‘टकटकटक’ अशा आवाजास मात्र रिले बहुधा निर्दोष असतो. बॅटरी दुबळी असल्यास वा तिची टोके गंजल्यास, संपर्क जुळताच व्होल्टेज कोसळते, वेटोळे सुटते, व्होल्टेज पुन्हा चढते आणि चक्र चालू राहते. चांगले रिले विनाकारण बदलले जातात ते येथेच.

गॅरेजमध्ये दोन जाड टोके पेचकसाने जोडून पाहतात. ही पद्धत म्हणजे जुन्या पायस्विचची नक्कलच. परंतु गाडी गिअरमध्ये असल्यास ती अंगावर येऊ शकते. बटणाने सुरू होणाऱ्या अनेक गाड्यांत रिलेला आज्ञा संगणक देतो. तेथे वेटोळ्यापर्यंत वीज न आल्यास मीटरनंतर स्कॅनर जोडावा लागतो.