मीटरच्या अलीकडची वीज

कुठेही आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक ओळ ठरलेली असते. "प्राथमिक अंदाजानुसार शॉर्टसर्किट." विषय तिथेच संपतो. पण शॉर्टसर्किट काही आभाळातून पडत नाही. फेज आणि न्यूट्रल या दोन तारांमधलं आवरण जातं, तारा एकमेकींना भिडतात, ठिणगी उडते. आवरण का गेलं, हे विचारलं तर उत्तर त्या घराच्या जुन्या वायरिंगमध्ये सापडतं. पावसाळा आला की भिंती ओल धरतात, म्हणून हा इतिहास आत्ताच मांडतोय. थोडं लांब आहे, पण वाचा.

सुरुवात जुन्या नाशिकपासून. सराफ बाजार, भद्रकाली, पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत गेलात तर काही ठिकाणी तुळईच्या कडेने लाकडी पट्टी दिसेल. आत दोन खाचा, वरून लाकडी झाकण. यालाच केसिंग-कॅपिंग म्हणायचे. एका खाचेत फेज, दुसरीत न्यूट्रल. अर्थिंगची तिसरी तार त्यात नसायचीच. तेव्हा ती चूकही नव्हती, कारण घरात असायचे दोन-चार दिवे. ६० वॉटचा बल्ब पाव अँपिअरच्या आसपास करंट घेतो. एवढ्याने तार कोमटसुद्धा होत नाही.

जुन्या बोर्डांवर दोन्ही तारांना चिनीमातीचे फ्यूज असायचे. त्यात मोठा धोका होता. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर दिवा विझायचा, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच राहायची. "लाइट गेली" म्हणून हात घातला की झटका. म्हणूनच १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी न्यूट्रलमध्ये फ्यूज टाकायला बंदी केली. नियम झाला, तरी जुने बोर्ड काही एका रात्रीत निघाले नाहीत.

२० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आपलं एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र सुरू झालं. सातपूर-अंबडला कारखाने आले, कॉलन्या उभ्या राहिल्या. आधी इस्त्री आली, मग मिक्सर, फ्रिज, गीझर. याच काळात देशात तांब्याची टंचाई होती, म्हणून बऱ्याच घरांत अॅल्युमिनिअमची तार पडली. अॅल्युमिनिअम मऊ असतं, स्क्रूखाली दबतं, त्यावर थर चढतो आणि जोड सैल होतो. सैल जोड म्हणजे भिंतीत लपलेली छोटी शेगडीच.

आता हिशोब बघा. २००० वॉटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर घेतो, दीड टनाचा एसी ७-८. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. दोन दिव्यांसाठी ओढलेल्या तारेवर आपण गीझर लावला, त्याच बोर्डावरून मायक्रोवेव्ह, आणि वर एक्स्टेन्शन. तारेचं आवरण दरवर्षी थोडं थोडं कडक होत गेलं, मग तडकलं. बातमीतलं "शॉर्टसर्किट" ते हेच. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तांब्याची तार पिळून घालणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. तसं केलं की फ्यूज उडत नाही. त्याच्या जागी भिंतीतली तार जळते.

अर्थिंगची गोष्ट तर कुणाच्या लक्षातच आली नाही. अनेक जुन्या घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असायची. पाइप जमिनीत, त्यामुळे काम चालून जायचं. पुढे लोखंडी पाइप गंजले, प्लंबर आला, प्लास्टिकचे टाकून गेला. पाणी छान यायला लागलं आणि अर्थिंग गेलं. दिवे तसेच लागतात, पंखा तसाच फिरतो, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. कळतं ते थेट फ्रिजला किंवा ओल्या नळाला हात लागल्यावर.

"आमच्याकडे एमसीबी आहे, काळजी नाही," असं बरेच जण सांगतात. या एमसीबीचं पेटंट १९२४ चं, जर्मनीतल्या ह्यूगो श्टोट्झ यांचं. पण एमसीबी वाचवते ती तारेला, माणसाला नाही. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरच्या वर, म्हणजे १६,००० मिलीअँपिअरच्या वर गेल्यावरच पडते. माणसाच्या छातीतून ३० मिलीअँपिअरपेक्षा जास्त करंट काही क्षण गेला तरी जिवावर बेतू शकतं. पाचशे पटीपेक्षा जास्त फरक आहे! माणूस चिकटलेला असतो आणि एमसीबी आपली शांत बसलेली असते.

अमेरिकेत बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डालझिएल यांनी किती करंटला माणसाचा हात तारेवरून सुटत नाही, याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९६१ मध्ये काही मिलीअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारं उपकरण बनवलं. त्याच जातीचं यंत्र आपल्याकडे ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणून मिळतं. गेलेला करंट परत आला नाही, म्हणजे तो कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जातोय, एवढंच ते ओळखतं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडतं.

२०१० च्या केंद्रीय सुरक्षा नियमावलीने ५ किलोवॉट आणि त्यावरच्या जोडणीला असं संरक्षण बंधनकारक केलं. पण त्याच सुमाराला आपण लोडशेडिंगने हैराण होतो. घरोघरी इन्व्हर्टर बसले. घाईघाईत इन्व्हर्टरचा न्यूट्रल मेन लाइनच्या न्यूट्रलमध्ये मिसळला की ईएलसीबी सारखी पडते. मग सोपा उपाय निघतो, "साहेब, ही बायपास करून टाकू." बोर्डावर डबी दिसते, पण तिचं काम बंद.

आता कायद्याचं बघू. मीटरपर्यंत जबाबदारी महावितरणची, मीटरच्या अलीकडे तुमची-माझी. नवीन जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तो कागद फायलीत गेला की पुढे कोण बघतं? १९५६ च्या नियमांत जास्तीत जास्त पाच वर्षांनी प्रत्येक जोडणीची तपासणी लिहिलेली होती. तुमच्या घरी असं कुणी आलेलं आठवतंय का? २०१० च्या नियमावलीने ठरावीक दाबाखालच्या जोडण्यांसाठी मालकाने स्वतःच प्रमाणित करायची पद्धत आणली. म्हणजे कागदावर आपणच आपले निरीक्षक. आणि वाड्यांत तेवढंही होत नाही. मालक म्हणतो भाडेकरूने करावं, भाडेकरू म्हणतो वाडा माझा नाही. कोर्टात तारीख पडत राहते, तार भिंतीत सुकत राहते.

२०२१ आठवा. ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० बाळं गेली. ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात ११ रुग्ण गेले. त्यानंतर रुग्णालयांच्या ऑडिटचे आदेश निघाले. घरांच्या बाबतीत असा आदेश कधी निघत नाही, कारण तिथे माणसं एकेक करून जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अलीकडच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने मेलेल्यांचा आकडा वर्षाला १२ हजारांच्या वर आहे.

गंमत अशी की एबीबी आणि सीजी पॉवर (पूर्वीची क्रॉम्प्टन ग्रीव्हज) यांसारख्या कंपन्या आपल्या नाशिकमध्ये स्विचगिअर बनवतात. इथली पोरं दिवसभर ब्रेकर जोडतात आणि संध्याकाळी अर्थिंग नसलेल्या खोलीत झोपतात.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. ईएलसीबी असेल तर तिचं 'टी' बटण दाबा. पडली नाही तर ती बिघडलीय किंवा बायपास आहे. नसेल तर ३० मिलीअँपिअरची बसवून घ्या. परवानाधारक वायरमनकडून तीन पिन सॉकेटमधलं अर्थिंग तपासून घ्या. गीझर आणि एसीला बोर्डापासून वेगळी तार हवी. एमसीबी सारखी पडते म्हणून मोठी बसवू नका, आधी तार बघा. स्विच गरम लागतोय, जळका वास येतोय, नळाला मुंग्या येतात, तर आधी मेन बंद. कुणी चिकटलंच तर हात न लावता मेन बंद करा. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करा.

आणि नगरसेवकांना, महावितरणला, वीज निरीक्षकांना एक प्रश्न आपण सगळ्यांनी मिळून विचारूया. जुन्या गावठाणातल्या वाड्यांचं वायरिंग शेवटचं कधी तपासलं, आणि पुढची तारीख कोणती?