पाण्याने राखलेलं रान

मुंबईच्या बोरिवलीतल्या कान्हेरीच्या नव्वद क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर पहलवी लिपीत काही नावं कोरलेली आहेत. 1009 साली आणि पुन्हा 1021 साली काही झरथुष्ट्री माणसं तिथे आली, लेणी पाहिली आणि आपली नि आपल्या वडिलांची नावं तारखेसकट दगडावर लिहून गेली. बौद्ध भिक्षूंच्या या डोंगरावर त्यांचं पूजेचं काही काम नव्हतं. ती पाहायला आली होती. बोरिवलीच्या रानात हिंडायला येणाऱ्या माणसांची माझ्या माहितीतली सर्वांत जुनी नोंद हीच.

मी बोरिवली पूर्वेच्या महापालिका शाळेत शिकवत होते. आमची सहल बहुतेक वर्षी याच रानात, म्हणजे नॅशनल पार्कातच जायची. पालक विचारायचे, "बाई, पुन्हा तिथंच? पाण्यातल्या घसरगुंड्या असतात तिथं न्या की." पैशांचं कारण होतंच. पण दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटायचं, आणि ते सांगायचं तर इतिहासात शिरावं लागतं. दीड कोटीच्या आसपास माणसं राहतात त्या शहराच्या कुशीत शंभर चौरस किलोमीटरचं जंगल उरलं, ते कुणी झाडांवर माया केली म्हणून नव्हे. ते पाण्यामुळे उरलं.

सुरुवात कान्हेरीपासूनच करावी लागते. इथे शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकापासून हजारेक वर्षं इथे भिक्षू राहत होते. चैत्यगृह भव्य आहे, पण मुलांना मी आधी दाखवायची ती लेण्यांच्या दाराशी खोदलेली पाण्याची टाकी. कातळावर पडलेलं पावसाचं पाणी पन्हळींतून टाक्यात उतरतं आणि उन्हाळ्यापर्यंत टिकतं. ब्राह्मी शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटलंय, आणि ती खोदायला पैसे देणारे दाते सोपारा, कल्याण, चौल इथले व्यापारी होते. एका लेखात मंगलस्थान इथल्या शेताचं दान नोंदवलंय. मंगलस्थान म्हणजे आपलं मागाठाणे, जिथे आज बसडेपो आहे. मागाठाण्याच्या चाळीत राहणाऱ्या माझ्या मुलांना हे सांगितलं की ती एकदम सावरून बसायची. आपल्या गावाचं नाव दगडावर आहे, हे त्यांना त्याआधी कुणी सांगितलेलंच नसायचं.

पोर्तुगीज आले तेव्हा भिक्षू केव्हाच गेलेले होते. गार्सिया द ओर्ताने ही लेणी पाहिली, दिओगो दु कुतूने त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिलं. पण रानाचं नशीब पालटलं ते इंग्रजी अमदानीत. तोवर मुंबईची सारी तहान विहिरी आणि तळ्यांवर भागायची, आणि गर्दी वाढत चालली होती. 1854 साली पाऊस दगा देऊन गेला. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार 1856 मध्ये विहार तलावाचं काम सुरू झालं आणि 1860 मध्ये तलाव पुरा झाला. शहराला नळाने मिळालेलं पहिलं पाणी ते. पुढे 1879 मध्ये वरच्या अंगाला तुळशी तलाव आला. पाणी स्वच्छ राहावं म्हणून तलावांभोवतीचा डोंगरउतार राखीव झाला, तिथल्या शेतीवर आणि वस्तीवर बंधनं आली. साष्टी बेटावरच्या बाकीच्या टेकड्या खाणींनी आणि इमारतींनी खाल्ल्या. हा उतार तेवढा वाचला. आजही दोन्ही तलाव मुंबईला पाणी देतात. दहिसर नदी तुळशीच्या बाजूने निघते, विहारचं ओसंडलेलं पाणी मिठीला मिळतं, पोईसर आणि ओशिवराही याच डोंगरांतून उतरतात.

स्वातंत्र्याच्या सुमारास या राखीव रानाच्या एका तुकड्याला कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान म्हणत. कान्हेरीचंच संस्कृत नाव ते. मग हळूहळू जमीन जोडली गेली, आरे दुग्ध वसाहतीकडचीही काही आली, बोरिवली राष्ट्रीय उद्यान झालं, आणि 1980 नंतर त्याला संजय गांधींचं नाव मिळालं. आमच्याकडे अजूनही सगळे 'नॅशनल पार्क'च म्हणतात. या जंगलाच्या बोरिवलीकडच्या कडेला लोकांसाठी बाग आखली गेली, तिचं नाव कृष्णगिरी उपवन. दहिसर नदीला बांध घालून नौकाविहाराचं तळं झालं. टेकडीवर गांधीजींचं स्मारक उभं राहिलं. जाळी लावलेल्या बसमधून सिंह आणि वाघ पाहण्याची सोय झाली. आणि सत्तरच्या दशकात वनराणी आली.

वनराणीबद्दल लिहिताना माझा हात आवरत नाही. अरुंद रुळांवरची ती छोटी गाडी, उघडे डबे, गांधी टेकडीला घातलेला वळसा, कडेने दिसणारी हरणं, आणि बोगदा. बोगद्यात शिरताना डब्यातलं प्रत्येक मूल ओरडणार, हे ठरलेलं. रोज चर्चगेट लोकलच्या दाराशी लोंबकळणाऱ्या बापांना मी त्या डब्यात मांडीवर पोर घेऊन ऐसपैस बसलेलं पाहिलंय. गाडीत सगळेच बसायचे: दहिसरच्या झोपडपट्टीतले, कांदिवलीच्या चाळीतले, वांद्र्याहून मोटारीने आलेले. उतरल्यावर झाडाखाली सतरंजी, डब्यातल्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी, मग लंगडी आणि गाण्याच्या भेंड्या. महाशिवरात्रीला तर कान्हेरीला जत्राच लोटते, त्या दिवशी बेस्ट जादा गाड्या सोडत आली आहे.

वाटेच्या कडेला टोपल्या घेऊन बायका बसलेल्या असायच्या. कैरीच्या फोडी, काकडीला मीठ-तिखट, उन्हाळ्यात पानाच्या द्रोणात करवंदं. या बायका रानातल्या पाड्यांवरच्या. नवापाडा, रावणपाडा, तुमणीपाडा अशा वस्त्यांतून वारली, मल्हार कोळी, कोकणा माणसं या रानात राहत आली आहेत, तलावांच्या आधीपासून. उद्यानाचा इतिहास सांगताना त्यांना तळटीपेत ढकलतात, याचा मला राग येतो. एका सहलीत अशाच एका मावशीने माझ्या वर्गाला कारवी दाखवली. आठ वर्षांतून एकदा फुलते आणि तेव्हा अख्खा डोंगर जांभळा होतो, हे मुलांना तिच्याकडूनच कळलं. आमच्या पुस्तकात ते नव्हतं.

रानाने सोसलंही बरंच. 1976 मध्ये मोठी आग लागली. कडेकडेने झोपड्या वाढल्या, तेव्हा एक पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेली. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला. जंगलासाठी तो आदेश हवा होता. पण बाहेरून येऊन झोपडी बांधलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या पाड्यावर राहिलेला, यांतला फरक पुरेसा पाळला गेला नाही. पुढच्या काही वर्षांत या रानातल्या बिबट्यांचे माणसांवरचे हल्ले वाढले, 2004 मध्ये ते भयंकर झाले. नंतर वनखातं, अभ्यासक आणि रहिवासी एकत्र आले. कचरा हटवा, म्हणजे भटके कुत्रे कमी होतील आणि त्यांच्यामागे येणारा बिबट्याही. रात्री मुलांना एकटं सोडू नका. अशा साध्या गोष्टी वस्तीवस्तीत जाऊन सांगितल्या गेल्या. हल्ले ओसरले. शाळेत आम्हीही ते शिकवलं. ज्या मुलांनी वनराणीतून हे रान पाहिलं होतं, त्यांना बिबट्याला राहायला जागा लागते हे पटवावं लागलं नाही.

मे 2021 च्या तौक्ते वादळाने वनराणीच्या रुळांचं मोठं नुकसान केलं आणि गाडी थांबली. ती वर्षानुवर्षं थांबलेलीच राहिली. त्या काळात शाळेत आलेल्या मुलांच्या चित्रांत आगगाडीला बोगदा नव्हता.

कडेच्या त्या बागेला लोक पोरखेळ समजतात. मी समजत नाही. तलावांनी शहराला पाणी दिलं आणि रान राखलं. उपवनाने त्या रानाला शहरातली माणसं मिळवून दिली. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की नवे खेळ आणायचे तर त्या कडेलाच आणा, तलावांच्या उतारावर एक खांबही रोवू नका. टोपलीवाल्या मावश्यांना त्यांच्या वाटेवर बसू द्या. आणि वनराणीचं तिकीट महापालिका शाळेतल्या मुलाच्या आईला पर्स न चाचपता काढता येईल, एवढंच ठेवा.