आडनाव, व्यवसायनाम आणि वंश : शिरूर कासारच्या निमित्ताने

शिरूर नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. घोडनदीकाठचे शिरूर पुणे जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळ व शिरूर ताजबंद ही दोन्ही लातूर जिल्ह्यात, आणि प्रस्तुत लेखाचे निमित्त असलेले शिरूर कासार बीड जिल्ह्यात. या नावातील ‘ऊर’ हा द्राविडी भाषांतील ग्रामवाचक शब्द होय. ‘कासार’ हे मात्र व्यवसायनाम आहे, आणि वंशशोधाच्या प्रश्नात ते राजकुलांच्या नावांइतकेच उद्बोधक ठरते.

संस्कृत ‘कांस्यकार’ शब्दापासून ‘कासार’ हे रूप ध्वनिनियमांना धरून सिद्ध होते. दोन स्वरांमधील ‘क’ प्राकृतात लोप पावला, म्हणूनच कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार आणि सुवर्णकाराचा सोनार झाला. असे रूप ग्रंथातून उचललेले नसते. ते पिढ्यान्‌पिढ्या बोलणाऱ्यांच्या मुखातून घडत आलेले असते.

आता ‘यादव’ व ‘जाधव’ ही जोडी घेऊ. आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ होणे नियमाचेच आहे. यात्रा-जत्रा, योगी-जोगी ही उदाहरणे सर्वपरिचित आहेत. अडचण पुढील वर्णाची आहे. स्वरमध्यस्थ ‘द’ महाराष्ट्री प्राकृतात टिकत नाही. ‘पाद’चा ‘पाय’ होतो. त्या न्यायाने ‘यादव’चे रूप ‘जायव’सारखे काही व्हावयास हवे होते. येथे तर ‘द’ लोपला नाही, उलट महाप्राण झाला. तेव्हा ‘जाधव’ हा शुद्ध तद्भव नसून अर्धतत्सम आहे असे म्हणावे लागते. अर्थात हे नाव अखंड बोलीपरंपरेतून उतरलेले नसून संस्कृत नावाच्या स्मृतीने, बहुधा भाट, पुरोहित व दरबार यांच्या भाषेतून, पुन्हा उजळलेले असावे. उलट ‘चाहमान’पासून ‘चव्हाण’ हे रूप नियमात उत्तम बसते. पण तेवढ्याने चव्हाणांचे रक्त अधिक शुद्ध ठरत नाही. ध्वनिनियम शब्दाची वंशावळ सांगतो, शब्द धारण करणाऱ्याची नव्हे. जाधव, पवार, चव्हाण ही आडनावे मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांच्या तांड्यांत आहेत, पूर्वाश्रमीच्या महार कुटुंबांत आहेत आणि इतरही अनेक समाजांत आहेत. आडनावावरून राजकुल गाठू पाहणारा अभ्यासक येथेच थबकला पाहिजे.

सिंदखेडच्या जाधवांचा संबंध देवगिरीच्या यादवांशी जोडण्यात येतो. लखुजी जाधवरावांचा वध १६२९ मध्ये त्याच देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, किल्ल्यावर झाला. हा योगायोग कल्पनेला चालना देणारा आहे खरा. तथापि हरपाळदेवाच्या १३१८ मधील अंतापासून सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंतचा काळ साखळीने जोडावयाचा, तर प्रत्येक कडीस समकालीन लेख हवा. पिढ्यांची नुसती यादी म्हणजे तो लेख नव्हे. आणि यादव तरी आपल्या पूर्वजांविषयी काय सांगत होते? तेराव्या शतकात हेमाद्रीने ‘व्रतखंडा’च्या आरंभी त्यांची जी राजप्रशस्ती दिली, ती पुराणांतील यदुवंशाला जाऊन भिडते. वंशावळीचा वरचा भाग अधिकाराच्या गरजेतून रचला जाण्याची प्रथा मराठेशाहीत निर्माण झाली नाही. ती यादवांच्या दरबारातही होती.

सामान्यांच्या वंशावळी कोठे सापडतात? बहुतांशी तंट्यांत. पाटीलकीचा वाद गोतसभेपुढे आला की उभय पक्ष आपापल्या पिढ्या सांगत, गावचे लोक साक्ष देत आणि महजर लिहिला जाई. ही वंशावळ देवापर्यंत जात नाही. वतन ज्याने मिळविले त्या पुरुषापाशी थांबते. प्रतिपक्ष समोर बसलेला असल्याने तीत फार कल्पना लढविता येत नसे. माझ्या मते राजप्रशस्तीपेक्षा हे साधन अधिक विश्वसनीय आहे. तीर्थोपाध्यांच्या वह्यांचेही मोल असेच, कारण त्यांत यात्रेकरूने स्वतः सांगितलेली नावे असतात.

कासारांना मात्र या साधनाचा लाभ थोडा. बारा बलुतेदारांच्या प्रचलित याद्यांत ते सहसा नसतात. भांडी व बांगड्या विकून जगणाऱ्याला वतनासाठी भांडण्याचे कारण नाही. म्हणून महजर नाही, म्हणून पिढ्यांची नोंदही नाही. ही पोकळी पुराणकथेने भरून निघाली. सोमवंशीय क्षत्रिय कासार आपला वंश हैहय राजा सहस्रार्जुनापर्यंत नेतात.

अलीकडे शोधाची दिशा उलटली आहे. १६७४ च्या राज्याभिषेकप्रसंगी भोसल्यांचे मूळ मेवाडच्या सिसोदियांत दाखविण्यात आले होते. २०२३ पासून मराठवाड्यातील मराठा कुटुंबे आपला पूर्वज ‘कुणबी’ होता याचा पुरावा निजामकालीन दप्तरांत शोधत आहेत. या आंदोलनाचे नेते मनोज जरांगे हे मूळचे शिरूर कासार तालुक्यातील मातोरीचे. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदींचा आधार मान्य केला. शिक्षण व नोकरी यांतील आरक्षण या एका शब्दावर अवलंबून आहे. त्यामुळे इतर मागासवर्गीयांचा त्यास विरोधही तितकाच तीव्र आहे.

तो शब्द संस्कृत ‘कुटुंबिन्’पासून आला. वाकाटकांच्या ताम्रपटांत गावातील गृहस्थ शेतकऱ्यांना याच शब्दाने संबोधिलेले आढळते. तेथे तो जातिवाचक नाही. पुढे तो जातीचे नाव झाला, तरी ‘शेती करणारा’ हा अर्थ बोलीतून गेला नाही. तेव्हा एखाद्या मोडी वा उर्दू नोंदीत ‘कुणबी’ असे वाचले, तर लिहिणाऱ्या कारकुनाला त्या ठिकाणी जात अभिप्रेत होती की व्यवसाय, हे त्याच दप्तरातील इतर रकाने व इतर नावांपुढील शब्द पाहूनच ठरवावे लागेल, आणि प्रत्येक दप्तरासाठी ते निराळे ठरवावे लागेल.